आईच्या घरातला फोमवाला

"आधी दोघांच्या नावावर कोर्टात काही निघतंय का ते बघून घ्या, मग काय ती नावं चढवा," असं मला माझ्या मैत्रिणीने सांगितलं होतं. लहान मुलांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर. तिच्या मांडीवर तिचा मुलगा खोकत होता आणि माझ्या मांडीवरून आमची लेक चिमणी वाकून त्याची चप्पल ओढत होती. ही मैत्रीण कॉलेजात कँटीनच्या बिलावरूनसुद्धा हुज्जत घालायची, म्हणून आम्ही तिला वकिलीण म्हणायचो. पुढे ती खरोखरच वकील झाली. मी आपलं बोलता बोलता सांगून गेले होते, की आई राहतं घर माझ्या आणि दादाच्या नावावर करून टाकतेय.

"निघायचंय काय?" मी हसले. "दादाच्या मागे अजून एक मुलगी लागली नाही, कोर्ट कुठून लागतंय?"

ती हसली नाही. "एखाद्याविरुद्ध पैशाचा निकाल लागलेला असला ना, की त्याच्या नावावर जे घर, जी जागा येईल, तिला तो निकाल चिकटतो. आज नावावर काही नसेल, तर उद्या येईल त्याला. एका सकाळचं काम आहे, बघून घे."

"बघते," मी म्हटलं. तेवढ्यात आतून आमचं नाव पुकारलं, चिमणीने पायमोजा काढून तोंडात घातला, आणि तो विषय तिथेच संपला.

मी काही बेफिकीर बाई नाही. उलट नवरा मला घरातला पहारेकरी म्हणतो. गॅसचं बटण मी जाताना बघते आणि दारातून परत येऊन बघते. विजेच्या प्लगची भोकं मी चिकटपट्टीने बंद केली आहेत. चिमणी रांगायला लागल्यापासून मी घराकडे तिच्या उंचीवरून बघायला शिकले. जमिनीपासून वीतभर वर काय काय हाताला लागतं ते मला पाठ आहे. पण दादाकडे असं बघायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. दादाकडे कोण बघतं? तो तर आमच्याकडे बघणारा.

आईचं घर म्हणजे एका दुकानावरचा मजला. खाली भांड्यांचं दुकान, ते दुसऱ्याचं. बाहेरून उभा जिना, वर तीन खोल्या आणि मागे एक पत्र्याची गच्ची. बाबा गेले तेव्हा ते घर त्यांच्या नावावरून आईच्या नावावर यायला तिला किती खिडक्यांसमोर उभं राहावं लागलं, ते मी पाहिलंय. आज साहेब नाहीत, उद्या सही जुळत नाही, परवा शिक्का पुसट आहे. तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं की आपण डोळे मिटण्याआधी सगळं मुलांच्या नावावर करायचं. "माझ्यामागे तुम्हाला हे हेलपाटे नकोत," हे ती दर काही दिवसांनी म्हणायची. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने तिला विचारलंसुद्धा, "आजी, स्वतःकडे काहीच ठेवत नाही?" तर ती म्हणाली, "मला काय करायचंय कागदावर राहून? मी घरात राहतेय ना!" कारकून हसला. आम्हीही हसलो.

दादा मात्र आधीपासून नको म्हणत होता. "माझं नाव नको. सगळं छोटीच्या नावावर कर." छोटी म्हणजे मी.

आता आमच्या घरात पहिल्या 'नको'ला काही किंमत नसते. नको म्हणणाऱ्याच्या ताटात आई आधी वाढते आणि मग विचारते. पाहुण्याने नको म्हटलं की त्याला हवंय असं धरायचं; तिसऱ्यांदा नको म्हणून ताटावर हात आडवा धरला तर मग खरं मानायचं, तेही नाराज होऊन. त्यामुळे दादा नको म्हणाला तेव्हा आम्ही दोघींनी त्याच्यावर आग्रहाचा माराच केला. मी म्हटलं, "मोठेपणा पुरे." आई म्हणाली, "दोन मुलं, दोन वाटे." तो पुन्हा नको म्हणाला तर आईचे डोळे भरले. "माझं काही चुकलं का रे? माझ्या हातचं घ्यायला तुला जड जातंय?"  दुसऱ्या दिवशी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात आला आणि दाखवतील तिथे सह्या करत गेला. बाहेर आल्यावर आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि मला वाटलं की त्याला भरून आलंय.

दादाचं तेव्हा सोफे बनवायचं वर्कशॉप बंद होऊन बरेच दिवस झाले होते. लाकडी सांगाडे, रेक्झिन, फोम, तोंडात खिळे धरून ठोकणारे दोन कामगार असा सगळा पसारा होता त्याचा. तयार सोफे स्वस्तात मिळायला लागले आणि गिऱ्हाईक आटलं. "बंद केलं एकदाचं. आता आरामात दुसऱ्यांच्या सोफ्यावर बसतो," असं तो सांगायचा. एका फर्निचरच्या दुकानात तो नोकरीला लागला होता. हसतखेळत होता. देणीघेणी मिटली का, असं मी एकदा विचारलं होतं तर म्हणाला, "सगळे खूश आहेत." मी पुढे विचारलं नाही.

मग आई जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं की त्या उभ्या जिन्याचं नाव आता काढायचं नाही. आईला मी माझ्याकडे आणलं. हॉलमध्ये खिडकीशी तिची खाट टाकली. आमचं घर ते केवढं! खाटेच्या एका बाजूला तिचं वॉकर, दुसऱ्या बाजूला चिमणीचा पाळणा, आणि नवरा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून हळू आवाजात ऑफिसशी बोलतोय. आई कुरकुरली नाही, पण उशीखाली पिशवी ठेवून पाहुण्यासारखी झोपायची. "मला माझं दार पाहिजे गं," एवढंच एकदा म्हणाली. "मी उघडीन, मी लावीन, असं."

आणि तसं दार मिळालंही. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, तळमजल्यावर दोन खोल्या विकायच्या होत्या. पुढे लहानसं अंगण, नळ दाराशी, एकही पायरी नाही. आई वॉकर घेऊन बघायला गेली आणि दाराची कडी तीनचारदा लावून उघडून पाहून आली. जुनं घर विकायचं आणि हे घ्यायचं, असं ठरलं. जुन्या घराला गिऱ्हाईकही पटकन आलं, एक चष्म्याच्या दुकानाचा मालक. बोलायला गोड माणूस. आम्ही तळमजल्यावाल्याला विसार देऊन टाकला. आईच्या सामानाची खोकी बांधून झाली. पडदे कुठल्या रंगाचे, यावर आई आणि दादाचं भांडणसुद्धा झालं.

चष्मेवाल्याच्या वकिलाकडे आम्ही सगळे गेलो ते फक्त तारीख ठरवायला. निदान मी तरी त्याच समजुतीने गेले होते. आईला खुर्चीवर नीट बसवलं, चिमणीला कडेवर घेतलं. वकील वयस्कर होते, चष्मा कपाळावर. त्यांनी समोरच्या पडद्यावर काहीतरी वाचलं, चष्मा खाली ओढला, पुन्हा वाचलं.

"या घरावर बोजा आहे," ते म्हणाले.

"नाही हो," मी लगेच म्हटलं. "कर्ज कधीच नव्हतं. बाबांनी रोख घेतलेलं घर आहे."

"कर्जाचा नाही. कोर्टाच्या निकालाचा." त्यांनी दादाकडे पाहिलं. "अर्ध्या वाट्यावर. तुमच्या."

मला आधी काही कळलंच नाही. शब्द कळले, अर्थ नाही. चिमणी माझ्या कानातलं ओढत होती आणि मी तिचा हातसुद्धा धरला नाही. वकील वाचत होते. फोम पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने दादावर दावा लावला होता. दादा कोर्टात गेला नव्हता. एकतर्फी निकाल लागला, मुद्दल, व्याज, खटल्याचा खर्च. व्यापाऱ्याने तो निकाल नोंदणी कार्यालयात दादाच्या नावासमोर चढवून ठेवला. ते सगळं आईने घर देण्याच्या आधी.

"आधी?" मी विचारलं. "तेव्हा घर आईचं होतं ना! आईचा काय संबंध?"

"काहीच नाही. म्हणून तेव्हा तुमच्या आईच्या घराला धक्का लागला नाही. निकाल पडून होता. ज्या दिवशी यांचं नाव घराला लागलं, त्या दिवशी निकाल घराला लागला. त्यासाठी कुणी काही करावं लागत नाही."

"पण कुणी आलं नाही," मी म्हटलं. माझाच आवाज मला कुठूनतरी लांबून येत होता. "जप्तीला माणसं येतात ना? सामान काढतात, कुलूप लावतात. आमच्याकडे कुणीच आलं नाही."

"जप्तीला खर्च येतो, वेळ जातो, भांडणं होतात. शहाणा सावकार नोंद करतो आणि बसून राहतो. घर कधी ना कधी कुणीतरी विकायला काढणारच. काढलं की त्याचे पैसे चुकवल्याशिवाय घेणारा सही करत नाही."

चष्मेवाला खाली मान घालून स्वतःच्या नखांकडे बघत होता.  दादा म्हणाला, "चहा तरी मागवा, बोजा उचलायला ताकद येईल." कुणीच हसलं नाही. त्याने टेबलावरचा हात मांडीवर घेतला.

"मग याचा वाटा परत माझ्या नावावर करा," आई म्हणाली.  "मीच दिलाय. मी परत घेते."

वकिलांनी मान हलवली. "आजी, आता नाव कुणाचंही लावा. बोजा घराला लागलाय, तो घराबरोबर जातो."

 आईने अगदी साधेपणाने विचारलं, "म्हणजे इतके दिवस माझ्या घरात फोमवाला राहत होता?"

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी दादाला भिंतीशी गाठलं. रिक्षा शोधायला नवरा पुढे गेला होता, आई दारातल्या बाकावर.

"तुला माहीत होतं?"

"निकालाचं माहीत होतं. घराचं..." तो थांबला. "घराचं नक्की माहीत नव्हतं गं. कोर्टाचं बोलावणं आलं तेव्हा माझ्या नावावर एक सायकल नव्हती. म्हटलं, काय घेणार आहेत, माझा हातोडा? गेलोच नाही. मग आईचं हे सुरू झालं. तेव्हा शंका आली. म्हणून तर नको म्हणत होतो."

"मग नुसतं नको काय म्हणत होतास! का ते सांगायचंस ना!"

"कुणाला? आईला? तिला काय सांगू, तुझ्या मुलाचं दिवाळं निघालंय आणि तू त्याला घर देऊ नकोस?"

"मला सांगायचंस."

"तू बाळंतीण होतीस छोटे. तुला पंख्याच्या आवाजाने रडू येत होतं तेव्हा."

तेवढ्यात नवरा रिक्षा घेऊन आला. 

फोमवाल्याकडे आम्ही दोघं भावंडं गेलो. मला वाटलं होतं, कुणी जाडजूड, अंगठ्या घातलेला माणूस असेल. निघाला एक किडकिडीत गृहस्थ, पायात रबरी चपला, गोदामाच्या कोपऱ्यात काचेच्या केबिनमध्ये बसलेला. बाहेर छतापर्यंत फोमचे पांढरे ठोकळे रचलेले होते, आणि त्यामुळे आवाज कसे कापसात दाबल्यासारखे येत होते. मी ओरडायचं ठरवून गेले होते. तिथे ओरडताच येईना.

"या," तो दादाला म्हणाला. "किती दिवसांनी! बरा आहेस?" आणि खरंच आस्थेने विचारलं.

मी आईचं सांगितलं. खुबा, जिना, विसार. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, खरं सांगू? मी हे पैसे सोडून दिले होते. मनातून. वकिलाने म्हटलं, नोंद करून ठेवू, काही लागत नाही त्याला. म्हटलं, ठेवा. तुमच्या आईचं घर आहे हे मला माहीतसुद्धा नव्हतं. परवा तुमच्या गिऱ्हाइकाच्या वकिलाचा फोन आला तेव्हा कळलं."

"मग सोडून दिलेच होते तर..." मी म्हटलं.

"सोडले होते तेव्हा मिळणार नव्हते." तो जरा ओशाळला, पण मागे हटला नाही. "आता मिळतायत. माझ्याही मागे कापडवाला आहे, केमिकलवाला आहे. त्या दोघांनी माझ्यावर नोंद केली तर माझी आई कुठे जाईल?"

"माझ्या आईने तुमचा फोम घेतला नव्हता."

"नाही. पण यानं घेतला, आणि तुमच्या आईने याला घर दिलं. म्हणजे मलाच दिलं की, एका अर्थी."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. हिशेब समजावून सांगावा तसं म्हटलं. मी केबिनच्या दाराची मूठ घट्ट धरली. बाहेर दोन माणसं एक भला मोठा ठोकळा तारेने कापत होती आणि त्याचे पातळ पातळ थर सुटून पडत होते.

त्याने व्याजातलं थोडं सोडलं. त्याहून जास्त नाही. दादा म्हणाला, "हप्त्याने देतो, आत्ता घर सोड." फोमवाला म्हणाला, "घर सोडलं की तू हप्ता कशाला देशील? पूर्वी तूच म्हणाला होतास, पुढच्या महिन्यात देतो." दादाने मान खाली घातली.

मी वकिलीणबाईला फोन केला. "मी तुला..." एवढं म्हणून ती थांबली, आणि पुढचं वाक्य तिने गिळलं याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी राहीन. तिने सगळे कागद पाहिले. निकाल पक्का होता, अपिलाची मुदत उलटली होती. न विकता बसायचं म्हटलं तर व्याज रोज चढणार, आणि फोमवाल्याने मनावर घेतलं तर तो दादाचा वाटा लिलावाला काढायला सांगू शकतो. "तुझा अर्धा वाटा सुरक्षित आहे," ती म्हणाली. "पण अर्धं घर कुणी घेत नाही गं."

शेवटी विकलं. चष्मेवाल्याच्या वकिलाच्या त्याच टेबलावर. फोमवाला वेळेवर आला, धुतलेला शर्ट घालून. दादाच्या वाट्याचे सगळे पैसे त्यातच गेले, दादाच्या हातात आलेच नाहीत. टेबलाच्या एका बाजूने निघाले आणि त्याच्यासमोरून सरकत फोमवाल्याकडे गेले. फोमवाल्याने बोजा उतरवल्याच्या कागदावर सही केली. त्याने आईला नमस्कार केला, आणि आईनेही, सवयीने, त्याला म्हटलं, "सुखी राहा." मग तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो ते. तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती नुसती बघत होती, समोरच्या भिंतीकडे, डोळे मोठे करून, जिन्यात पडली तेव्हा उचलताना बघत होती तशी.

माझ्या वाट्यात त्या तळमजल्याच्या खोल्या बसत नव्हत्या. मी आणि नवऱ्याने सगळीकडे विचारून पाहिलं. बँकेने नवऱ्याच्या पगाराकडे पाहून जेवढे देऊ म्हटलं तेवढ्यानेही भागेना. विसार गेला. आता त्या खोल्यांत एक शिकवणीवाली बाई राहते. अंगणात तिच्या मुलांच्या चपला असतात, आणि मी चिमणीला घेऊन त्या बाजूने जात नाही, लांबून वळसा घेते.

आई हॉलमध्येच आहे. खोकी पलंगाखाली आणि कपाटावर. ती अजून पिशवी उशाशी ठेवते. एकदा मी दार लावायला उठले तर म्हणाली, "थांब, मी लावते," आणि वॉकर टेकत टेकत गेली, आमच्या दाराची कडी लावली, आणि तिथेच उभी राहिली.  चिमणी तिच्या पायाशी जाऊन वॉकरला धरून उभी राहिली.

दादा त्या टेबलावरून उठला तो आमच्याकडे आलाच नाही. मी त्याच्या भाड्याच्या खोलीवर गेले तर घरमालकीण म्हणाली, भाडं चुकतं करून गेला. दुकानातली नोकरीही सोडली. फोन लागतो, कधी उचलतो, कधी नाही. "मजेत आहे," म्हणतो. "दुसऱ्या गावी आहे, घरोघर जाऊन सोफे दुरुस्त करतो, बक्कळ काम आहे." कुठलं गाव विचारलं तर काहीतरी विनोद करतो. "आईला सांग, मी आता मोठा माणूस झालो, मला पत्ता लागत नाही." मागे गाड्यांचे आवाज येतात. खोलीतून बोलल्यासारखं एकदाही वाटलं नाही मला. मी बारीक कान देऊन ऐकते. भांडं वाजत नाही, नळ वाजत नाही, दार वाजत नाही.

आईला मी सांगते, तो ठीक आहे. आई म्हणते, "घर गेलं ते जाऊ दे गं. तो कुठे झोपतो?" मला ठाऊक नाही. तिला घराचं दुःख आहे असं मी इतके दिवस धरून चालले होते. तिला धक्का बसला तो वेगळाच, की आपण घर दिलं आणि त्यातून आपल्याच मुलाला घालवलं.

म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरी सोफ्याचं कापड बदलायला कुणी उंचसा माणूस आला, चाळिशीकडे झुकलेला, तोंडात खिळे धरून काम करणारा आणि त्या खिळ्यांतूनच विनोद सांगणारा, तर त्याला हातातलं काम जरा थांबवायला सांगा. खुर्चीवर बसवा. राहतो कुठे, झोपतो कुठे, जेवला का, हे विचारा. तो हसेल. त्याच्या हसण्यावर जाऊ नका. बरा आहे का, ते नीट बघा.